फुलाचा फोटो समोरून नको, बाजूनं घ्या



मृग बहाराच्या बागा फुलात आल्या की व्हॉट्सॲपवर डाळिंबाच्या फुलांचे फोटो सुरू होतात. लालभडक फूल, मागचं सगळं धूसर, वर 'शुभ सकाळ'. दिसायला झकास! पण शेतकऱ्याच्या कामाचा त्यातला एकही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण डाळिंबाचं फूल तोंडावरून नाही, बुडावरून ओळखायचं असतं. आपण जिला मादी कळी म्हणतो (पुस्तकात द्विलिंगी फूल), तिचं बूड फुगीर, सुरईसारखं. नर कळी बुडाशी निमुळती, घंटीसारखी. फळ धरतं ते मादी कळीला. नर कळी गळणारच, तो तिचा धर्म. समोरून बघाल तर दोन्ही सारख्याच लाल.

हे मला कळत नव्हतं असं नाही. तरी गेल्या वर्षी फसता फसता वाचलो. झाडाखाली लाल सडा पडला, पोटात गोळा आला. सड्याचा फोटो काढून औषधाच्या दुकानात दाखवला. फुलगळ म्हणून चार बाटल्यांची यादी हातात आली. त्याच संध्याकाळी आठ-दहा वर्षं कपाटात पडलेला छोटा डिजिटल कॅमेरा पोरीनं बाहेर काढला आणि बागेत बसून एकेका गळालेल्या फुलाचा बाजूनं फोटो घेतला. रात्री टीव्हीवर लावून बघितलं. सगळ्या घंट्या! मादी कळ्या बोटावर मोजण्याइतक्या. बाटल्या आणल्याच नाहीत. पैसे वाचले ते वाचले, ऐन फुलात फवारणी झाली असती तर मधमाश्या गेल्या असत्या आणि सेटिंगलाच फटका बसला असता.

तेव्हापासून तो कॅमेरा माझ्या गळ्यात असतो. मोबाईलनं होत नाही असं नाही. पण मोबाईलच्या पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं धूसर होतं, आणि आपल्याला हवा असतो तो देठ नेमका त्यातच जातो. छोट्या कॅमेऱ्यात सेन्सर लहान, त्यामुळे फूल, देठ, पान बऱ्यापैकी सगळं स्पष्ट येतं. शिवाय फोटो काढताना कुणाचा फोन येत नाही.

माझी पद्धत सांगतो. कॅमेऱ्यावर फुलाचं छोटं चित्र असतं, तो मॅक्रो मोड. तो लावायचा. झूम करायचं नाही, कॅमेराच जवळ न्यायचा. झूम केलं की जवळचं फोकस होत नाही. बटण अर्धं दाबायचं, हिरवी चौकट आली की पूर्ण. डाळिंबाचा लाल रंग उन्हात फुटतो, पाकळीचा नुसता डाग दिसतो. म्हणून सकाळी कोवळ्या उन्हात किंवा अंगाच्या सावलीत घ्यायचा, आणि उजेड कमी-जास्त करायची जी प्लस-मायनस सोय असते ती थोडी मायनसला ठेवायची. पाच झाडांच्या एकेका फांदीला चिंधी बांधायची आणि दर आठ दिवसांनी त्याच फांदीचा फोटो. बॅटरी पूर्ण उतरली की तारीख पुसली जाते, तेवढी आधी तपासायची.

आता एक इशारा. याचा अर्थ फवारणी कधीच नको असा काढू नका. मादी कळ्याही गळत असतील तर पाण्याचा ताण, जास्त पाणी, फुलकिडे, काहीही असू शकतं. फूल पांढऱ्या कागदावर झटका. बारीक किडे पळताना दिसले तर त्याचाही फोटो घ्या आणि जाणकाराला दाखवा. चांगला फोटो असला की सल्लाही नेमका मिळतो.

आपण फुलाचं कौतुक खूप करतो, हिशोब ठेवत नाही. घरात असा जुना कॅमेरा पडला असेल तर सेल टाका आणि उद्या सकाळी बागेत न्या. शुभ सकाळचा फोटो नंतर काढा. आधी बूड बघा.