पेण-रोह्याचा इतिहास विकिपीडियावर कोण लिहिणार?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. या ज्ञानकोशात लिहायला पदवीची अट नाही, वर्गणी नाही, कोणाची शिफारस लागत नाही. ज्याला लिहिता येते तो त्यात भर घालू शकतो. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराला हात लावू दिला नाही, त्याने या उघड्या दारापाशी थबकावे याचे आम्हाला नवल वाटते. आमचे शिक्षक, वकील, पदवीधर तरुण मोबाईलवर दिवसभर लिहीत असतात. दुसऱ्या दिवशी ते कोणाला सापडत नाही.

पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आणि विनोबांचे गागोदे आठवते. रोहा म्हटले की चिंतामणराव देशमुख आणि धाटावचे कारखाने. त्यात चूक काही नाही. पण १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरली ती कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद होती. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. त्या परिषदेला पेण आणि रोहा तालुक्यांतून कोण गेले? कोणत्या वाडीतून गेले? परतल्यावर गावाने त्यांना कसे वागवले? बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा इथली कुळे काय सोसत होती? १९५६ नंतर पहिले विहार कुठे उभे राहिले? आजोबांच्या तोंडून हे ऐकलेली पिढीही आता थकली आहे.

यात एक अडचण आहे. विकिपीडिया ऐकीव गोष्ट घेत नाही, तपासता येणारा प्रसिद्ध झालेला संदर्भ मागतो. आमचे तरुण उत्साहाने लेख टाकतात. ‘परमपूज्य’, ‘महामानव’, ‘क्रांतिसूर्य’ सगळे लिहितात, संदर्भ मात्र एकही देत नाहीत. मजकूर उडवला गेला की जातीयवाद झाला म्हणून कायमचे निघून जातात. क्वचित तसा हेतू असेलही. पण पुरावा न जोडलेला दावा टिकत नाही, हे आम्ही कोर्टात रोज पाहतो. चवदार तळ्याचा दावा डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झाला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात निकाली निघाला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, हे सवर्ण वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. तेव्हा विकिपीडियावर विशेषण गाळावे लागले तर वाईट वाटून घेऊ नये. बाबासाहेबांचे मोठेपण तारखांत आणि ठरावांत आहेच. शिवाय तिथल्या प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद राहते. कोणी खोडसाळपणे मजकूर बदलला तर जुना परत आणता येतो, चर्चा पानावर भांडता येते. त्यासाठी मात्र टिकून राहावे लागते.

सुरुवात कुठून करावी? रोह्याच्या दक्षिणेला, तळा तालुक्यात कुड्याची बौद्ध लेणी आहेत. ती एकट्या राजाने खोदवलेली नाहीत. तिथल्या शिलालेखांत वैद्य आहे, माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. ज्याने जे दिले ते त्याच्या नावावर कोरलेले आहे. या लेखांचे वाचन १८८१ सालीच छापले गेले, म्हणजे संदर्भ तयार आहे. स्वतः काढलेले फोटो चढवा. दुसऱ्याचे उचलू नका, तो कॉपीराइटचा भंग होतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनाचा कॉपीराइट मात्र ३१ डिसेंबर २०१६ रोजी संपला आहे. ते लेखन विकिस्रोतावर टंकायला कायद्याची आडकाठी नाही. नंतर झालेल्या भाषांतरांचे हक्क वेगळे, हे ध्यानात ठेवावे.

आणि जे कुठेच छापले गेले नाही? ते आधी वृद्धांकडून टिपून घ्यावे, कागदपत्रांशी ताडून दैनिकात वा नियतकालिकात प्रसिद्ध करावे, मग विकिपीडियावर न्यावे. वर्षावासात विहारात वाचन चालते, त्यातली एक संध्याकाळ याला द्यावी. लेखाची भाषा आणि संदर्भ तपासून द्यायला आम्ही वकील मंडळी बसू. ज्यांच्या घरी माळ्यावर जयंतीच्या जुन्या स्मरणिका, ‘जनता’ किंवा ‘प्रबुद्ध भारत’चे अंक पडून असतील, त्यांनी ते वाळवी लागण्यापूर्वी खाली काढावेत.