गायरान म्हणजे रिकामी जागा नव्हे

न्यूझीलंडमध्ये आज साधारण 1 कोटी हेक्टर कायमची कुरणे आहेत. भारतातही जवळपास तेवढीच. 1960-61 मध्ये ती 1 कोटी 40 लाख हेक्टरांच्या घरात होती. फरक आहे तो जनावरांचा. तिकडे गाई-बैल सुमारे 1 कोटी, मेंढ्या अडीच कोटींच्या आसपास. आपल्याकडे 2019 च्या पशुगणनेनुसार नुसत्या गाई-म्हशीच 30 कोटींवर. कुरणे तिकडेही घटली, पण मेंढ्याही घटल्या. 1982 मध्ये त्या 7 कोटी होत्या. आपल्याकडे कुरण आटत गेले आणि दावणीची जनावरे वाढत गेली.

कोल्हापूर जिल्ह्यात याचा परिणाम गोठ्यात दिसतो. ऊसतोडीच्या दिवसांत म्हशीपुढे वाडे पडते. वाड्यात ऑक्झॅलेट जास्त असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते, आणि दुभत्या जनावराला नेमके तेच हवे असते. म्हणून वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. उपाय चांगलाच, पण चरायला गेलेली म्हैस नाना तऱ्हेचे गवत खाते, चालते, उन्हात फिरते. निवळीने ते कसे मिळणार?

तरीही गावात काही बांधायचे निघाले की पहिली नजर गायरानावरच जाते. सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये राज्यांना बजावले. मोकळ्या झालेल्या जागेवर मारवेल लावून दोन पावसाळे चराई बंद ठेवायची, की नवी इमारत उठवायची, हे ग्रामसभेने आधीच ठरवून ठेवावे.