रंगावरून नर-मादी

रायगडाच्या कड्यांत पारवे घुमतात, महाड-पोलादपुरात हौशी लोक कबुतरं पाळतात. पण नर कोणता, मादी कोणती, हे नुसत्या नजरेने सांगणं अवघड. काही जोड्यांच्या पिल्लांत मात्र ते रंगावरून ओळखता येतं. पक्ष्यांत लिंग आईकडून ठरतं. मादीची लिंग-गुणसूत्रं झेड-डब्ल्यू, नराची झेड-झेड, आणि मूळ रंगाचं जनुक झेड गुणसूत्रावर. निळा, काळ्या पट्ट्यांचा नर आणि राखी-तांबूस मादी यांची जोडी लावली, की पिल्लांतले नर तांबूस, माद्या निळ्या. जोडी उलटी लावली तर मात्र हा हिशेब बसत नाही. पहिल्या जोडीच्या तांबूस नरांच्या पिसांवर पुढे बहुधा शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके उमटतात. ती बापाकडून आलेल्या निळ्या रंगाची खूण. तांबूस मादीत ते ठिपके नसतात.