हौसेचा साप, तळ्याला ताप

एप्रिल २०२४ मध्ये बंगळूर विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात १० पिवळे ॲनाकोंडा सापडले. दक्षिण अमेरिकेच्या दलदलीतील हा साप केवळ हौसेखातर काचपेटीत कोंडला जातो. आपल्या ओढ्यातील बिनविषारी विरोळा पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मज्जाव केला. परदेशी प्राण्यांबाबत मात्र तो कायदा दीर्घकाळ मौन बाळगून होता. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारातील अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली, हे उचितच झाले. तथापि दहा फुटांपर्यंत वाढलेला साप कंटाळलेल्या मालकाने तळ्यात सोडला, तर तेथील मासे, बेडूक आणि विरोळा यांचे रक्षण नोंदवही कसे करणार? हौसेला आवर हाच खरा बंदोबस्त होय.