ट्रॅकवर जाताय? टायर राहू द्या!

ट्रॅक डेची फी भरून झाली, घरी ‘मित्राच्या बहिणीचं लग्न आहे’ असं सांगून झालं, की ग्रुपवर पहिला प्रश्न पडतो, ‘टायर कुठले टाकू?’ मग दोन दिवस मोबाइल शांत बसत नाही. कुणी पिरेली म्हणतं, कुणी मेट्झेलर, कुणी ‘टीव्हीएस युरोग्रिप घे, आपल्या बजेटमधलं आहे’ म्हणतं. एखादा भाई तर थेट स्लिकचा फोटो टाकतो, ज्यावर एकही खाच नसते आणि जो रस्त्यावर चालवायला परवानगीच नाही. ब्रेक पॅड शेवटचे कधी बदललेस, हे मात्र कुणीही विचारत नाही.

माझं मत ग्रुपवर कुणाला आवडत नाही, म्हणून इथे लिहितेय. पहिल्या दोन-तीन ट्रॅक डेंसाठी चिकट टायर घेऊ नका. गाडीला कंपनीने दिलेले टायर धड असतील, तर त्यांच्यावरच जा.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे. बंदिस्त सर्किट, झेंडे घेऊन उभे मार्शल, कोपऱ्यात अ‍ॅम्ब्युलन्स, सगळे एकाच दिशेने, आणि तुम्ही पैसे भरून आपापल्या वेगाने गाडी चालवायची. समोरून ट्रक नाही, वाळू नाही, कुत्रं नाही. आपल्याकडच्या बहुतेकांना यासाठी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जावं लागतं. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा तो ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट. पुण्याहून चेन्नई जवळपास बाराशे किलोमीटर. म्हणजे गाड्या टेम्पोत आणि आपण ट्रेनमध्ये.

हे टेम्पोचं मुद्दाम सांगितलं. माझ्या पहिल्या ट्रॅक डेला आम्ही चौघं होतो. चौघांपैकी एकाने पैसे साठवून मऊ कंपाऊंडचे नवे टायर घेतले. टेम्पो भरायच्या आदल्या रात्री ते बसवले आणि गाडी तशीच चढवली. तिकडे उतरवल्यावर सकाळी आठच्या सेशनला तो थेट ट्रॅकवर गेला आणि पहिल्याच लॅपला, तिसऱ्या वळणावर, पुढचं चाक सुटून आडवा झाला. वेग फार नव्हता. पण कॉलरबोन गेलं, क्लच लिव्हर गेला, फुटपेग तुटला, फेअरिंगचा चुरा झाला. परत आल्यावर एक इंटर्नलही हुकली. आमच्या तिघांच्या गाड्यांना जुनेच स्टॉक टायर होते. आम्ही दिवसभर चालवली आणि संध्याकाळी त्याला हॉस्पिटलमधून घेऊन आलो.

यात टायरचा दोष नव्हता. साच्यातून निघालेल्या नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत असतो. तो घासून खरखरीत होईपर्यंत पकड देत नाही. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवा, असं टायर कंपन्याच सांगतात. त्याचा टायर शून्य किलोमीटर चाललेला, वर सकाळचा थंडगार. ‘चिकट टायर घातलाय’ या भरवशावर तो आमच्यापेक्षा जोरात वळला, एवढंच.

मुळात टायर ‘चिकट’ म्हणजे काय? डांबरी रस्ता जवळून बघा, खडीचे बारीक उंचवटे आणि खड्डे दिसतील. रबर मऊ झालं की त्या खड्ड्यांत घुसतं, खडीला धरून बसतं. शिवाय रबर आणि रस्ता यांच्यात थेट चिकटण्याचाही भाग असतो. दोन्हींसाठी रबर गरम हवं. रोजच्या टायरचं रबर थोड्या उबेतच कामाला लागतं. ट्रॅकसाठीचं रबर जास्त तापमान मागतं. रेसवाले पिटमध्ये टायरला ब्लँकेट गुंडाळून ठेवतात ते लाडाने नव्हे, ८० अंशांच्या आसपास तापवून ठेवायला. आपल्याकडे ना ब्लँकेट, ना ते चालवायला जनरेटर. आणि तापवायचं तर गाडी तेवढी जोरात, तेवढी कडक ब्रेक लावून चालवावी लागते. पहिल्या ट्रॅक डेला आपण तेवढे जोरात जातच नाही! त्यामुळे महागडा टायर दिवसभर अर्धाकच्चा राहतो.

याच्या उलटही होतं. चेन्नईच्या दुपारी डांबरावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. अशा वेळी अतिमऊ टायर जास्त तापून तेलकट लागायला लागतो, कडेचं रबर सोलून निघतं. साधा स्पोर्ट टायर अशा उन्हात बऱ्यापैकी तग धरतो.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. स्टॉक टायर बोलतो. दूध उतू जाण्याआधी जसं वर येतं, तसं तो सुटण्याआधी सांगतो : थोडा वळवळतो, मागचं चाक जरासं सरकतं, पोटात गोळा येतो, आणि हे सगळं कमी वेगात होतं. चिकट टायरची मर्यादा वर असते, म्हणून तिथवर पोचलात की वेगही जास्त असतो. तोवर तुमच्या चुका तो निमूटपणे झाकत राहतो. वळणाच्या मध्येच घाबरून थ्रॉटल सोडणं, ब्रेक उशिरा आणि झटक्यात दाबणं, पुढे बघायच्या ऐवजी चाकासमोर बघणं, सगळं माफ. एक दिवस माफ होत नाही.

माझंच सांगते. माझी आर१५ एका डाव्या वळणावर दर लॅपला मागून हलायची. मी जेवणाच्या सुट्टीत ठरवूनच टाकलं होतं, पुढच्या वेळी मऊ टायर. इन्स्ट्रक्टर दोन लॅप माझ्या मागे राहिले आणि पिटमध्ये येऊन म्हणाले, ‘टायर घसरत नाहीये, तू घसरवतेयस. वळणात मधेच थ्रॉटल बंद करतेस, मग दचकून एकदम उघडतेस.’ दुपारच्या सेशनला थ्रॉटल हळूहळू, सलग उघडत गेले. हलणं थांबलं. टायर तोच होता. त्या दिवशी मऊ रबर असतं तर ही खोड मला कळलीच नसती. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल सुरू करणारे कीथ कोड लक्ष देण्याची तुलना दहा डॉलरच्या खर्चाशी करतात. तुमच्याकडे दहाच आहेत, कशावर किती घालवता ते बघा. नवशिक्याचे पाच-सहा तर नुसत्या भीतीवरच उडतात. त्यात ‘एवढे महाग टायर घेतलेत, आता गुडघा टेकलाच पाहिजे’ याचे आणखी दोन.

गुडघ्यावरून आठवलं, चिकन स्ट्रिप्स. टायरच्या कडेला न वापरलेल्या रबराची जी पट्टी उरते, तिच्यावरून कॉलेजच्या पार्किंगमध्ये माणसाची लायकी ठरते. ती घालवायला सँडपेपर मारणारे मी बघितलेत. काय बोलणार!

आता पैशांचं. बाहेरच्या व्हिडिओंमध्ये सल्ला देणारा माणूस गाडी ट्रेलरवर आणतो, चाकांचा दुसरा सेट सोबत आणतो. आपल्याकडे एकच गाडी, तीच ट्रॅकवर, तीच क्लासला. मऊ टायरची जोडी म्हणजे तीन-चार महिन्यांची मेस. ती ट्रॅकवर एक दिवस आणि मग सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये सरळ रेषेत झिजणार. मधोमध चपटी झाली की वळताना गाडी विचित्र वागते, ते वेगळंच. पावसाळ्यात तर बघायलाच नको. ट्रॅककडे झुकणाऱ्या टायरवर पाणी बाहेर टाकणाऱ्या खाचा कमी असतात आणि ताम्हिणीच्या पावसात रबर तापायचा प्रश्नच नाही. रविवारी सकाळी घाटात ‘ट्रॅकचा टायर आहे’ म्हणून झुकणाऱ्यांची मला खरंच भीती वाटते. तिथे मार्शल नसतो, वळणापलीकडून एसटी येत असते. तेवढ्या पैशांत चांगलं हेल्मेट घ्या, बॅक प्रोटेक्टर घ्या, किंवा आणखी एका ट्रॅक डेची फी बाजूला काढा.

थोडी पकड जवळपास फुकटातही मिळते. काही शे रुपयांचा प्रेशर गेज घ्या. पेट्रोल पंपावरच्या दोन मीटरचं एकमेकांशी पटत नाही, त्यांच्यावर विसंबू नका. ट्रॅकवर टायर तापतो, आतली हवा प्रसरण पावते, प्रेशर काही पीएसआयने चढतं आणि टायर फुगून कमी रबर रस्त्याला टेकतं. म्हणून पिटमध्ये आल्या आल्या, टायर गरम असतानाच मोजायचं, लिहून ठेवायचं आणि इन्स्ट्रक्टरला विचारून थोडं थोडं कमी करायचं. आपल्या मनाने एकदम दहा पीएसआय सोडू नका. आणि घरी निघताना पुन्हा भरा, हे लोक हमखास विसरतात.

मग टायर बदलायचेच नाहीत का? बदलायचे ना. आधी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. ‘२३२०’ असेल तर तो २०२० सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. पाच-सहा वर्षं जुना, नख दाबलं तरी न दबणारा, भेगा पडलेला किंवा मधून चपटा झालेला टायर घेऊन ट्रॅकवर जाऊच नका. तिथे नवीन घ्या, हवं तर एक पायरी मऊ घ्या, पण आधी दोन आठवडे कॉलेजला जाऊन-येऊन मुरवा. दुसरं, तुमचे लॅप टाइम एकसारखे येतायत, थ्रॉटल नीट आहे, प्रेशर नीट आहे आणि तरी त्याच त्या वळणावर टायर हात वर करतोय, तर तुम्ही त्याच्या पुढे गेलायत. तेव्हा घ्या, जोडीनेच घ्या. आणि अठरा-साडेअठरा अश्वशक्तीच्या गाडीवर ती वेळ यायला, खरं सांगू, बराच काळ लागतो. ३९०वाल्यांचं गणित थोडं वेगळं. तिथे ताकद जास्त, टायर लवकर संपतो.

कॉलरबोनवाला मित्र नंतर पुन्हा आला. तेच मऊ टायर, पण आता पाचशे किलोमीटर चाललेले. पहिले तीन लॅप तो इतका हळू गेला की मी त्याला ओव्हरटेक केलं. माझ्या गाडीला अजून स्टॉकच आहेत, मागच्याची खूणपट्टी दिसायला लागलीय. या महिन्यात बदलेन, बहुतेक तोच घेईन. गेजचा सेल संपलाय, तो आधी आणायचाय.