बारा महिने, बारा कादंबऱ्या... आणि काकू बाहेर?

नवी सांगवीतल्या आमच्या वाचन गटानं यंदा ठरवलं, दर महिन्याला आशियाई लेखकाची एक कादंबरी वाचायची. कल्पना झकास. पण ग्रुपवर यादी आली आणि माझा उत्साह जरा उतरला. बारापैकी दहा पुस्तकं इंग्रजी. मुराकामी, इशिगुरो, हान कांग... मोठेच लेखक, वाद नाही. पण आमच्यात सगळ्यात जास्त वाचणाऱ्या काकू, ज्या फक्त मराठी वाचतात, त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं चालू द्या. मी पुढच्या वर्षी बघते."

हे मला खटकलं. आशिया वाचायचा, आणि आशियातल्याच भाषेत वाचणारी बाई बाहेर?

मी 'कोसला' सुचवली. 1963 ची नेमाड्यांची कादंबरी, नायक पांडुरंग सांगवीकर. (ती सांगवी खानदेशातली, आपली नव्हे. पण गावाकडून पुण्याला शिकायला आलेली पोरं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत.) उत्तर आलं, "ती तर आपलीच, आशियाई कुठं?" म्हणजे पासपोर्ट लागतो तिथूनच आशिया सुरू होतो का? इशिगुरो नागासाकीत जन्मले, पाचव्या वर्षी इंग्लंडला गेले, लिहितात इंग्रजीत. ते चालतात, नेमाडे नाहीत!

आता दुसरी बाजू. "मग सगळी भारतीयच पुस्तकं घेऊ," असंही कुणी म्हणेल. तेही नको. चाकणला ब्रिजस्टोन आहे, तळेगावला ह्युंदाई. कायझेन आणि फाइव्ह एस इथल्या शॉप फ्लोअरवर पोराटोरांना पाठ आहे. पण त्या माणसांच्या घरात काय चालतं, त्यांची आई कशावरून रडते, हे आपल्याला कुठं माहितीय? ते कादंबरीच सांगते. हान कांगना 2024 चं साहित्याचं नोबेल मिळालं, हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला. त्यांना वाचायलाच हवं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. बारापैकी निम्मी पुस्तकं तरी मराठीत मिळणारी घ्या. भैरप्पांचं 'पर्व' उमा कुलकर्णींनी कन्नडमधून थेट मराठीत आणलंय. तस्लिमा नसरीन यांची 'लज्जा' मराठीत आहे, खालिद हुसेनींची 'काइट रनर'सुद्धा. जपानी आणि कोरियन पुस्तकं आपल्याकडं बहुतेक इंग्रजीतून येतात, म्हणजे दोन चाळण्यांतून. तरी येऊ द्यात. आणि जे मराठीत नाहीच, ते इंग्रजी वाचणाऱ्यानं वाचावं आणि गटात पंधरा मिनिटं मराठीत सांगावं. पूर्वी घरात एकजण पोथी वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे, त्यांना कुणी अडाणी म्हणत नव्हतं.

आणखी एक. आपल्या वाचनालयात जाऊन या पुस्तकांची लेखी मागणी करा. 1967 च्या कायद्यानं मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, म्हणजे पैसा आपलाच. मागणीच नसेल तर ते तरी कशाला आणतील?

2016 साली पिंपरीत साहित्य संमेलन झालं तेव्हा आपण केवढी गर्दी केली होती! ती वाचणारी माणसं कुठं गेली नाहीत. फक्त त्यांना यादी करताना कुणी विचारत नाही.

काकूंना मी परत बोलावलंय. पहिलं पुस्तक त्याच ठरवतील.