पॉइंट नोट करा!

इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आता बऱ्यापैकी मिक्सरच्या भावात मिळतं. खांद्याला पट्टा अडकवून न्यावं इतकं हलकं, आणि ऑनलाइन ऑर्डर केली की चार दिवसांत दारात! त्यामुळे आठवडाभर एक्सेल शीटमध्ये डोकं घालून बसणारी जनता वीकेंडला लोखंड जोडायला निघालीय. कुंड्यांचा स्टँड, खिडकीची जाळी, गावच्या घराचं गेट... छानच आहे हे. स्वतःच्या हातांनी काही बनवल्याचं समाधान अप्रेझलमध्ये मिळत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

फ्लॅटमध्ये मात्र हा उद्योग जमत नाही. ठिणगी उडायच्या आधी सोसायटीचे सेक्रेटरी उडतात! मग मशीन गावी जातं. आमच्या ग्रुपमधल्या एकाचं असंच यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावला गेलं. तो हिंजवडीत, आई-बाबा तिकडे. घराला लागून जुना गोठा. बैल गेले, आता तिथे कार आणि बाबांची मोटरसायकल असते. म्हणजे गॅरेजच म्हणा ना. तिथे एक बल्ब, एक प्लग, वायर घरातूनच ओढलेली. पठ्ठ्याचा प्रश्न होता, ‘फक्त पिन बदलून लावायची ना?’

नाही राव. आधी जरा गणित करू.

मशीनवर ठळक अक्षरांत ‘२००’ लिहिलेलं असतं. ते रॉडच्या टोकाला मिळणारे अँपिअर, भिंतीतून ओढले जाणारे नव्हेत. टोकाला व्होल्टेज वीस-पंचवीसच्या आसपास, भिंतीत २३०. म्हणून भिंतीतला आकडा कमी भरतो, पण वाटतो तितका कमी नाही. बारा नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड ९० अँपिअरवर चालवला, तर साधं मशीन भिंतीतून १६ अँपिअरच्या आसपास घेतं. दहा नंबरचा रॉड ११० वर लावला की वीसच्या पुढे. पूर्ण २०० वर तर चाळिशी गाठतं. त्यात संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरलं, की तेवढ्याच कामाला मशीन आणखी करंट खातं.

आणि घरातला मोठ्यात मोठा साधा पॉवर प्लग असतो १६ अँपिअरचा. दोन रॉड जळेपर्यंत काही होत नाही, म्हणून आपल्याला वाटतं, जमलं! पुढे पिना तापतात, प्लग काळा पडतो, आणि भिंतीच्या आत वायरचं काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही.

मग हवं काय? मेन बोर्डापासून थेट गोठ्यापर्यंत वेगळी लाइन, जिच्यावर दुसरं काहीही नाही. तांब्याची ‘सहाची’ वायर, म्हणजे ६ चौरस मिलिमीटर. ३२ अँपिअरचा सी टाइप एमसीबी. शेवटी ३२ अँपिअरचं निळं, गोल, तीन पिनांचं इंडस्ट्रियल सॉकेट आणि तसाच प्लग. पूर्ण २०० ला हेही कमी पडेल, पण घरच्या गेटला तेवढी गरज नसते. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो, हे लक्षात ठेवा. ‘सारखा पडतो’ म्हणून जुन्या अडीचच्या वायरवर ३२ चा बसवणं म्हणजे वॉचमनला झोपेची गोळी देणं.

आता रंगांची गंमत. मशीनच्या केबलमध्ये बहुधा तपकिरी म्हणजे फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. आपल्याकडच्या भिंतीत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आणि थ्री फेजच्या लाल-पिवळ्या-निळ्यात निळी चक्क फेज असते! तेव्हा रंगाला रंग जुळवू नका. प्लगमधली एल, एन, ई ही अक्षरं बघा. अर्थची तार थोडी लांब ठेवा. केबलला हिसका बसला तर ती सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे.

अर्थवरून आठवलं. वेल्डिंगच्या क्लॅम्पलाही आपण ‘अर्थ’च म्हणतो, पण तो लोखंडातून करंट मशीनकडे परत नेण्यासाठी असतो. घराच्या अर्थिंगशी त्याचा संबंध नाही. आणि राळेगावची जमीन काळी, कापसाची. मे महिन्यात तिला भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो, विरोध वाढतो. समजा तो १० ओहम झाला. फेज मशीनच्या पत्र्याला टेकली, तर जमिनीत जाणार २३ अँपिअर. ३२ चा एमसीबी पडणारच नाही, आणि पत्रा जिवंत! म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी. न्यूट्रललाच अर्थ जोडून देण्याचा जुगाड कुणी सुचवला तर हात जोडा. न्यूट्रल तुटली की मशीनचा पत्राच फेज होतो.

बिलही काढून बघा. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. दहा नंबरच्या रॉडलाच साडेतीन किलोवॅटच्या आसपास लागतात. तिथे एक किंवा दोन दिसले, तर आधी भार वाढवून घ्या. आणि घरगुती मीटरवर पैसे घेऊन गावाची गेटं करायला लागलात, तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ आहे: वापर मंजूर कारणापेक्षा वेगळा, आकारणी दुप्पट दराने. तारेवर आकडा टाकलात तर कलम १३५, सरळ चोरी.

‘एका गेटसाठी एवढं?’ असं वाटेल. पण तुम्ही रविवारी रात्री ट्रॅव्हल्सने परत निघता, पॉइंट तिथेच राहतो. सोमवारी सकाळी बाबा फवारणीचा बॅटरी पंप चार्जिंगला लावतात. हात ओले, पायाखाली ओली जमीन. तुमच्या तापलेल्या, सैल झालेल्या प्लगला त्यांचाच हात लागतो. निळ्या सॉकेटचा हा मोठा फायदा: घरातली कुठलीच साधी पिन त्यात जात नाही. पंपाचा प्लग वेगळा, मशीनचा वेगळा.

तेव्हा गेट बिनधास्त स्वतः बनवा, पण हा पॉइंट परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. वायर कितीची, एमसीबी किती अँपिअरचा, आरसीसीबी बसवली का, अर्थिंग मोजलं का, हे चार प्रश्न मात्र समोर उभं राहून विचारा. आणि निघण्याआधी आरसीसीबीचं टेस्ट बटन आई-बाबांना दाखवून ठेवा. महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला पाहिजे. नाही पडला, तर त्या पॉइंटला हात न लावता वायरमनला बोलवायचं.